लिंबू, किल्ली, नाव

फर्गस मॅकाव्हॉय, वय एकतीस.
छपरं शाकारायचा. आता बसून असतो.
मी म्हणते, तीन शब्द सांगते, लक्षात ठेव :
लिंबू, किल्ली, नाव.
तो लगेच परत म्हणतो, पाठ ताठ करून,
इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या पोरासारखा.
(शब्द इंग्रजीत, पण मी मनात मराठीतच ठेवते.
नाव : पाण्यावर चालते ती,
आणि हाक मारतात तेही.)

मग कागद देते. घड्याळ काढ, अकरा वाजून दहा.
आकडे बारावर थांबत नाहीत,
तेरा, चौदा, सोळा,
गोल सोडून कडेने खाली उतरतात.
"आता ते तीन शब्द?"
"कोणते शब्द?"

डंडी. मार्चची सकाळ.
खिडकीत टे नदी, शिशाच्या रंगाची.

त्याची बहीण मॉरव्हेन
पर्समधून प्लॅस्टिकची घट्ट पुडी काढते.
आत एक निळी गोळी, मधोमध नीटस रेघ.
"झोप येत नव्हती त्याला, बाबा गेल्यापासून. एवढंच.
व्हॅलियम म्हणून घेतली."

म्हणून.
किती गरीब दिसतो हा शब्द.
तूप म्हणून, हळद म्हणून, दूध म्हणून.

माझे वडील मिरजेत दूध तपासायचे.
पहाटे नाक्यावर किटल्या अडवायच्या,
काचेची नळी सोडायची आत.
चांगल्या दुधात ती मान वर काढून तरंगायची,
पाणी घातलेल्यात गळ्यापर्यंत बुडायची.
गवळी शपथा घ्यायचे, म्हशीच्या, पोरांच्या.
वडील म्हणायचे, नळीला शपथ ऐकू येत नाही.
पुढे लोक युरिया घालायला शिकले,
आणि नळी खोट्या दुधातही ऐटीत तरंगू लागली.
त्या वर्षी वडील घरी फारसं बोलले नाहीत.

गोळी तपासायला पाठवली. नवव्या दिवशी कागद आला.
व्हॅलियम : नाही.
एक रसायन, ज्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना,
दुसरं, जे परवापर्यंत कुठल्या यादीत नव्हतं,
बाकी खडू आणि निळा रंग.
कुणीतरी घमेल्यात कालवलं असणार,
तेही धड ढवळलं नसेल,
एका गोळीत चिमूट गेली, एकीत मूठ.

मूठ याच्या वाट्याला आली.
श्वास थांबला नव्हता त्याचा,
विसरत होता फक्त.
मिनिटाला चार. मग तीन.
मॉरव्हेनने दार ढकलेपर्यंत किती वेळ गेला
ते कुणालाच ठाऊक नाही.

मेंदूत एक जागा असते, करंगळीएवढी,
आजचा दिवस तिथून पुढे जातो.
श्वास कमी पडला की
आधी विझणाऱ्यांत ती असते.
मग सकाळ दारापर्यंत येते, बेल वाजवते,
निघून जाते.

जुनं मात्र जागच्या जागी.
आजोबांची कबुतरं, त्यांच्या पायातल्या कड्यांचे आकडे
धडाधड सांगतो.
एक फ्रान्सहून आली होती, दोन दिवसांनी,
चोच उघडी, एक पंख लोंबता.
मी विचारते, घर कसं सापडतं रे त्यांना?
"त्यांना विसरायला येत नाही," तो म्हणतो,
आणि हसतो. मी हसत नाही.

जिन्यात मॉरव्हेन गाठते. "होईल ना बरा?"
अशी नळी नाही माझ्याकडे
की याच्या डोक्यात सोडून सांगावं, दूध इतकं, पाणी इतकं.
मी म्हणते, थोडा. वर्षभरात, थोडा.
ते 'थोडा' ती घडी घालून
पर्समध्ये ठेवते, पुडी होती त्या कप्प्यात.

मे महिना. चौथी खेप.
शब्द बदलायला हवेत, मी बदललेले नाहीत.
तो बराच वेळ नदीकडे बघतो.
"काहीतरी होतं," म्हणतो. "पाण्यावरचं."

तक्त्यात मी शून्यच भरते, नियम तसा आहे.
पेन मात्र उचलत नाही लगेच.